शेवटच्या एसटीआधीचा सराव : कोकणातील महाविद्यालयात मुलींचा बास्केटबॉल संघ घडवताना

अमेरिकेत महाविद्यालयाच्या महिला बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद हा पूर्णवेळ पेशा आहे. पॅट समिट यांनी १९७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाचा संघ हाती घेतला, तेव्हा संघाची गाडी त्याच चालवत आणि गणवेशही त्याच धूत. २०१२ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या खात्यावर १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे जमा होती. त्यांच्या कारकिर्दीतील पहिली दोन-चार वर्षेच आपल्या उपयोगाची आहेत, कारण महाड, चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवलीच्या महाविद्यालयात हे काम ज्यांना करायचे आहे, त्यांना गाडी ठरवण्यापासून जाळी बांधण्यापर्यंत सर्व काही स्वतःच करावे लागते आणि त्याची तयारी ठेवूनच यावे लागते.

नोकरीचा मार्ग

आपल्याकडे ‘बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक’ या पदाची जाहिरात सहसा निघत नाही. निघते ती शारीरिक शिक्षण संचालकाची, म्हणजे बोलीभाषेत जिमखान्याच्या सरांची किंवा मॅडमची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी (एम.पी.एड.) किमान ५५ टक्के गुणांसह, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा (अथवा पीएच.डी.), आणि स्वतः आंतरमहाविद्यालयीन वा आंतरविद्यापीठ स्तरावर खेळल्याची नोंद लागते. शारीरिक क्षमतेची चाचणीही असते. तीस वर्षांपर्यंतच्या महिला उमेदवारास आठ मिनिटांत १,००० मीटर अंतर पूर्ण करावे लागते. नियमित पदाचा पगार दहाव्या वेतनस्तरापासून, म्हणजे ५७,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होतो. प्रत्यक्षात मात्र अनेक जण आधी तासिका तत्त्वावर किंवा मानधनावर काही वर्षे काढतात, हे गृहीत धरूनच घरचा हिशोब मांडावा.

दुसरा मार्ग केवळ प्रशिक्षकाचा आहे. पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवत आहे. तेथील पदविकेला ‘एनआयएस’ म्हणून सर्वत्र मान असून सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही उपलब्ध असतो. माझे मत विचाराल तर एम.पी.एड. आणि सेट यांना आधी प्राधान्य द्यावे, सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम नोकरीत राहून उरकावा आणि पूर्ण पदविकेचा विचार संघ दोन-तीन वर्षे चालवून पाहिल्यानंतर करावा. पंचाची परीक्षाही द्यावी, कारण नियम वाचून कळतात त्याहून शिट्टी हातात घेतल्यावर अधिक कळतात; शिवाय पंच म्हणून फिरताना इतर जिल्ह्यांतील प्रशिक्षकांच्या ओळखी होतात, ज्या पुढे सरावसामने ठरवताना कामी येतात.

एका छपराखाली दोन संघ

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ येथे होतो. अकरावी-बारावीच्या मुली जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात खेळतात. पदवीच्या मुली मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतात, कारण रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. तेथून निवड झालेला विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. मैदान एक, प्रशिक्षक एक, पण अर्ज, वयाचे नियम आणि तारखा वेगवेगळ्या असतात. दोन्हींसाठी स्वतंत्र फाइल ठेवावी आणि दहावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, ओळखपत्र व छायाचित्रे प्रत्येक मुलीकडून जुलैतच घ्यावीत. माझ्या दुसऱ्या वर्षी एका अर्जावर शिक्का मारून घ्यायचा राहिला आणि बारा मुली बॅगा भरून उभ्या असताना संघ बाद झाला. चूक माझीच होती. त्यांतल्या तिघी पुन्हा मैदानावर आल्या नाहीत.

मुली कोठून आणायच्या

किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत मुलीने बास्केटबॉलची रिंग महाविद्यालयात आल्यावरच प्रथम पाहिलेली असते. कबड्डी आणि खो-खो मात्र तिच्या अंगात असतात. म्हणून निवडचाचणीत उंची मोजण्याची घाई करू नये. खो-खोतील मुलीला दिशा बदलणे आणि पहिल्या तीन पावलांत वेग घेणे शिकवावे लागत नाही. कबड्डीतील मुलीचा खाली वाकलेला पवित्रा आणि बाजूला सरकणारी पावले हेच बास्केटबॉलच्या बचावाचे पाय आहेत. अडचण हातांची असते. समोरची पुढे सरकली की धरायचे, ही तिची सवय असल्याने पहिले दोन महिने ती वैयक्तिक फाउल गोळा करत राहते आणि पाचव्या फाउलला बाहेर बसते. यावर एक साधा उपाय आहे : बचावाच्या सरावात तिच्या दोन्ही मुठींत टॉवेलची टोके द्यावीत आणि तो टॉवेल मानेमागून घ्यावा, म्हणजे हात गुंतलेले राहतात आणि अडवण्याचे काम पायांवर येते.

मुलगी निवडल्यावर तिचे घर निवडावे लागते, असे मी गमतीने म्हणते. पण ते खरे आहे. पालकांशी बोलायला स्वतः जावे, आणि प्रशिक्षक पुरुष असेल तर सोबत एखाद्या प्राध्यापिकेला न्यावे. पालकांना पदकांची भाषा भावत नाही. मुलगी किती वाजता घरी पोहोचेल, सोबत कोण असेल आणि अभ्यासाचे काय, हे तीन प्रश्न विचारले जातातच. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे अवश्य सांगावे, परंतु त्यासाठी ठरावीक स्तराच्या स्पर्धेतील कामगिरी लागते आणि जिल्ह्यात खेळून ते मिळत नाही, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करावे. अर्धवट आशा दाखवून आणलेली मुलगी टिकत नाही, आणि तिच्या वाडीतून पुढे दुसरीही येत नाही.

यासाठीच वर्षारंभी करायचे पहिले कागदी काम म्हणजे डावपेचांची वही नसून एसटीचा तक्ता आहे. प्रत्येक खेळाडूचे गाव, सकाळी येणारी पहिली गाडी, सायंकाळी सुटणारी शेवटची गाडी, आणि ती चुकली तर राहण्याची सोय कोणाकडे, एवढे चार रकाने पुरतात. २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे असल्याने खर्चाची अडचण थोडी कमी झाली आहे. वेळेची झालेली नाही. सायंकाळचा दोन तासांचा सराव कागदावर छान दिसतो, पण शेवटच्या पाऊण तासात निम्म्या मुलींचे लक्ष घड्याळाकडे असते. सकाळी सातला शहरातील आणि वसतिगृहातील मुलींचा नेमबाजीचा, म्हणजे रिंगमध्ये चेंडू टाकण्याचा सराव, आणि दुपारी साडेतीन ते पाच पूर्ण संघाचा सराव, ही विभागणी मला सर्वांत टिकाऊ वाटली. पाचला शिट्टी म्हणजे पाचलाच. ‘अजून एक डाव’ म्हणून दहा मिनिटे लांबवण्याच्या मोहाने मी एकदा एक चांगली पिव्हट (रिंगजवळ खेळणारी खेळाडू) गमावली आहे.

पाऊस, मीठ आणि मैदान

मैदानाचे नियमित माप २८ मीटर बाय १५ मीटर, आणि रिंगची उंची ३.०५ मीटर. एवढी जागा नसेल तर एका रिंगसह अर्धे मैदान करावे. तीन विरुद्ध तीनचा खेळ, जो टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून खेळला जातो, १५ मीटर बाय ११ मीटर जागेत होतो आणि त्याला राखीव धरून चारच खेळाडू लागतात. पहिल्या वर्षी बारा मुली जमवण्याच्या खटाटोपात पडण्याऐवजी आठ मुलींचे दोन गट करून हाच खेळ खेळवावा. त्यात चेंडू प्रत्येकीच्या हातात वारंवार येतो.

चेंडू सहा नंबरचाच घ्यावा. अनेक जिमखान्यांत मुलांसाठी घेतलेले सात नंबरचे चेंडू मुलींनाही दिले जातात. मग मुली खांद्यावरून फेकायला लागतात आणि ती सवय मोडायला वर्ष जाते. उघड्या सिमेंटवर रबरी चेंडू वापरावा, चामड्याचा किंवा त्यासारख्या आवरणाचा चेंडू सामन्यांपूर्वीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवावा. खाऱ्या हवेने रिंगचे नट-बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात, म्हणून ते जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत आणि जाळी नायलॉनची असावी.

जून ते सप्टेंबर हे खरे संकट. शैक्षणिक वर्ष पावसासोबत सुरू होते, आणि पाऊस ओसरतो न ओसरतो तोच स्पर्धा येऊन ठेपतात. सिमेंटवर शेवाळ धरते. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासल्याशिवाय आणि पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर एकही मुलगी धावू देऊ नये. हे चार महिने सभागृहात, व्हरांड्यात किंवा वाहनतळाच्या पत्र्याखाली काढावे लागतात. ते वाया जात नाहीत. दोन्ही हातांनी ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे), भिंतीवर पास, पिव्हटचे पाऊल (एक पाय रोवून वळणे), आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उडी मारून खाली येणे, या गोष्टींना रिंग लागत नाही.

खाली येण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण या खेळात मुलांपेक्षा मुलींत स्पष्टपणे अधिक आढळते, आणि बहुतेकदा ती इजा कोणाचा धक्का न लागता, उडीनंतर गुडघा आत वळल्याने किंवा धावता धावता झटकन थांबल्याने होते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता उतरणे हे रोज दहा मिनिटे करून घ्यावे. आपली लंगडी येथे फार उपयोगी पडते. एका पायाचा तोल आणि मांडीची ताकद तिने जशी वाढते तशी महागड्या साधनांनीही वाढत नाही. फक्त ती टणक फरशीवर न खेळवता मातीवर खेळवावी.

नव्वद मिनिटांत काय करावे

वॉर्म-अप आणि उतरण्याचा सराव पंधरा मिनिटे, लेअप (धावत रिंगखाली जाऊन चेंडू आत टाकणे) दोन्ही बाजूंनी वीस मिनिटे, बचावाची पावले पंधरा मिनिटे, आणि उरलेला वेळ खेळ, एवढे पहिल्या वर्षी पुरते. डाव्या हाताचा लेअप पहिल्या दिवसापासून घ्यावा. पहिल्या वर्षी झोन बचाव, म्हणजे खेळाडूऐवजी ठरावीक जागा राखण्याचा बचाव, शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे : त्याने जिल्ह्यातले दोन सामने जिंकता येतात, पण आपापली खेळाडू अडवण्याची जबाबदारी कोणीच शिकत नाही.

मुंबईच्या संघांशी गाठ पडली की आपला संघ कोसळतो तो नेमबाजीत नव्हे. ते संघ पूर्ण मैदानावर दाब टाकतात, आणि आपल्या मुलींना आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडता येत नाही. त्या दडपणात आपली गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू) कोपऱ्याकडे ड्रिबल करत जाते आणि तेथे दोघी तिला कोंडतात. यासाठी एकच गोष्ट घोटून घ्यावी : चेंडू आत टाकल्याबरोबर एक खेळाडू मैदानाच्या मध्यभागी, तोंड चेंडूकडे करून उभी राहील, पहिला पास तिला, दुसरा तिच्याकडून विरुद्ध बाजूने धावणाऱ्या मुलीला, आणि या दोन पासांत कोणीही ड्रिबल करायचा नाही. सात बचावपटूंविरुद्ध पाच जणींना हा सराव द्यावा. मग सामन्यातील पाच जणी कमी वाटतात. टाइमआउट पहिल्या अर्धात दोन आणि दुसऱ्या अर्धात तीन मिळतात; दाबाखाली सलग दोनदा चेंडू गेला की पहिला तेथेच घ्यावा, शेवटासाठी राखून ठेवू नये.

शरीर, सुरक्षितता आणि प्रवास

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे ‘दम कमी पडतो’ असे ज्या मुलीविषयी आपण म्हणतो, तिला कष्टाचा कंटाळा नसून हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता मोठी आहे. जुलैत सर्वांची रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्याव्यात. सरावानंतर बिस्किटांऐवजी नाचणीचा लाडू, उकडलेली अंडी किंवा भिजवलेले कुळीथ ठेवावेत. पाळीच्या दिवसांत कोण किती खेळेल, हे त्या मुलीला न लाजता सांगता यावे, यासाठी संघासोबत एक प्राध्यापिका कायम असावी.

अकरावी-बारावीच्या बऱ्याच मुली अठरा वर्षांखालील असतात, त्यामुळे २०१२ चा पॉक्सो कायदा आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीचे नियम प्रशिक्षकाने वाचलेले असावेत. एकट्या मुलीला रात्री संदेश पाठवू नये, संघाच्या गटात लिहावे. प्रवासात महिला शिक्षिका आणि पालकांची लेखी संमती यांत सवलत नको.

मुंबईत सामना असेल तर रात्रीच्या रेल्वेने पहाटे उतरून सकाळी नऊला मैदानावर उभे राहण्याची पद्धत बंद करावी. एक दिवस आधी पोहोचण्याचा खर्च प्राचार्यांकडे जूनमध्येच लेखी मागावा. ऑगस्टमध्ये मागितलेला पैसा मिळत नाही.

पुढची वर्षे

प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका जपून ठेवावी. विद्यापीठ संघाच्या प्रशिक्षकपदी किंवा निवड समितीवर नेमणूक होताना तोंडी कीर्तीपेक्षा या कागदांचा उपयोग होतो. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या दोघी-तिघींना मानधन मिळवून देऊन साहाय्यक म्हणून ठेवता आले तर पाहावे. नव्या मुलीच्या घरी त्यांच्यापैकी एक सोबत आली की बोलणे निम्म्याने सोपे होते.

एप्रिल-मे सुट्टीचे महिने मानू नयेत. याच काळात शाळांतील दहावीच्या मुलींसाठी आठवड्याचे शिबिर घ्यावे, मेच्या मध्यापर्यंत खांब आणि रिंग खरवडून गंजरोधक रंग द्यावा, मैदानाच्या कडेचा चर पाऊस सुरू होण्याआधी मोकळा करावा, आणि शेवटच्या आठवड्यात आगारात जाऊन गाड्यांचे नवे वेळापत्रक उतरवून आणावे, म्हणजे तक्त्यातील गाड्यांचे दोन रकाने जूनच्या पहिल्या सोमवारी रिकामे राहत नाहीत.