इंग्रजीत दोन वाक्यं जोडताना योग्य उभयान्वयी अव्यय कसं निवडावं

आधी शब्द शोधू नका. दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं काय, ते ठरवा. मराठीत ठरवलंत तरी चालेल. ‘शी वॉज टायर्ड’ आणि ‘शी फिनिश्ड द वर्क’ यांत विरोध आहे, म्हणून ‘बट’ किंवा ‘ऑल्दो’. कारण सांगायचं तर ‘बिकॉज’, परिणामासाठी ‘सो’, अटीसाठी ‘इफ’ किंवा ‘अनलेस’, नुसती भर घालायची तर ‘अँड’.

मग तो शब्द कुठल्या वाक्याला लावायचा ते पाहा. ‘बिकॉज’ कारणाला लागतो, ‘सो’ परिणामाला. ‘आय स्टेड होम बिकॉज इट वॉज रेनिंग’ हे वाक्य उलटवून ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, आय स्टेड होम’ असंही लिहिता येतं. ‘सो’चं वाक्य मात्र असं पुढे आणता येत नाही.

मराठी माणूस खरा अडकतो तो जोडीत. आपल्याकडे ‘जरी’ आलं की मागोमाग ‘तरी’ येतंच, त्या सवयीने ‘ऑल्दो शी वॉज टायर्ड, बट शी फिनिश्ड द वर्क’ लिहिलं जातं. हे चूक. इंग्रजीत दोन वाक्यांना जोडणारा एकच शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचंही तेच. ‘इफ’नंतर ‘देन’ चालतं, पण बहुतेकदा त्याची गरज नसते. जुन्या पुस्तकांत ‘दो… येट’ (जरी… तरी) अशी जोडी भेटेल. वाचा, पण गिरवू नका.

‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ म्हणजे अभ्यास केलात तर नापास व्हाल! ‘अनलेस यू स्टडी’ एवढंच लिहा. भविष्याबद्दल बोलतानाही ‘इफ’, ‘अनलेस’, ‘व्हेन’, ‘अनटिल’ यांच्या उपवाक्यात सहसा ‘विल’ येत नाही: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’.

‘डिस्पाइट’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांच्यापुढे कर्ता-क्रियापदाचं सरळ वाक्य येत नाही, नाम येतं: ‘डिस्पाइट द रेन’. ‘हाउएव्हर’ तर क्रियाविशेषण. ‘पण’ या अर्थाने ते नुसत्या स्वल्पविरामावर दोन वाक्यं जोडू शकत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा.

स्वल्पविराम शेवटी तपासा. गौण वाक्य, म्हणजे ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘ऑल्दो’ असा शब्द लागलेलं वाक्य, आधी आलं तर ते संपताच तो द्या. ‘बिकॉज’ किंवा ‘इफ’ दोन वाक्यांच्या मध्ये आलं तर बहुधा लागत नाही. दोन पूर्ण वाक्यांमधल्या ‘बट’ किंवा ‘सो’च्या आधी द्यावा.