जावाचं व्हर्जन सेट करताना या चुका टाळा

"सर, बिल्ड होत नाहीये" म्हणत कुणी लॅपटॉप घेऊन आलं की मी एवढंच विचारतो, व्हर्जन कुठे सेट केलंस? उत्तर ठरलेलं: "इंटेलिजेमध्ये," म्हणजे कोड लिहायच्या आयडीईमध्ये. मग मेव्हन (प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) रीलोड झालं की पॉममधलं (मेव्हनच्या सेटिंग्जच्या फाइलमधलं) व्हर्जन परत येऊन बसतं आणि हे म्हणतात, आपोआप बदललं! व्हर्जन पॉममध्येच लिहायचं. आयडीई ते तिथूनच उचलते.

पॉममध्ये काहीच लिहिलं नसेल तर मेव्हनचं कंपायलर प्लगिन स्वतःचं डीफॉल्ट धरतं. जुन्या प्लगिनांमध्ये ते १.५ होतं, त्यामुळे जेडीके (जावाचा कंपायलर आणि लायब्ररी असलेला संच) १७ वर 'सोर्स ऑप्शन ५' चालत नसल्याचा एरर येतो. तो पूर्ण न वाचता लोक जेडीकेच पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

पण खरी माझ्या डोक्यात जाते ती चूक वेगळी: पॉममधल्या सोर्स आणि टार्गेट दोन्हींत १.८ (म्हणजे जावा ८) टाकून निर्धास्त होणं. सोर्सने भाषेचे नियम ठरतात, टार्गेटने बाइटकोडचं (कंपाइल झालेल्या कोडचं) व्हर्जन. लायब्ररी मात्र मशीनवरच्या जेडीकेचीच धरली जाते. एका टीमची यात अख्खी रात्र गेली. बिल्ड जेडीके ११ वर, क्लायंटचा सर्व्हर जावा ८ वर. टेस्ट सगळ्या पास, कारण त्याही ११ वरच चालत होत्या. सर्व्हरवर पहिली फाइल वाचायला घेतली आणि नो-सच-मेथड एरर: बाइटबफरची फ्लिप मेथड सापडत नाही. फ्लिप तर जावा ८ मध्येही आहे! कुणी क्लासपाथ तपासतंय, कुणी सर्व्हर रीस्टार्ट करतंय. शेवटी जावापी (क्लास फाइलमध्ये काय आहे ते दाखवणारं टूल) लावून क्लास फाइल उघडली तेव्हा गोम कळली. जावा ८ मध्ये फ्लिप वरच्या बफर क्लासमधून येते आणि बफर परत करते; ९ पासून बाइटबफरची स्वतःची फ्लिप आली, ती बाइटबफर परत करते. कंपायलरने नव्या फ्लिपचं सिग्नेचर (नाव, काय घेते आणि काय परत करते) लिहून ठेवलं होतं, ते ८ ला कुठून सापडणार?

त्यातही एकजण म्हणालाच, "बफरमध्ये कास्ट करून टाकू, चालेल." चालतं, पुढची तशीच मेथड येईपर्यंत. सोर्स-टार्गेट काढा आणि मेव्हन-कंपायलर-रिलीज या प्रॉपर्टीत ८ लिहा. जेडीके ९ पासून ही सोय आहे (प्लगिन ३.६ किंवा पुढचं हवं) आणि ती त्या व्हर्जनच्या एपीआयबाहेर पाऊल टाकू देत नाही.

'जावा -व्हर्जन' या कमांडचं उत्तर बघून निष्कर्ष काढू नका. मेव्हन जावा-होम (जेडीके कुठे आहे ते सांगणारं सेटिंग) बघतं, त्यामुळे मी आधी 'एमव्हीएन -व्हर्जन' मारतो.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या पॉममधली 'जावा.व्हर्जन' प्रॉपर्टी साध्या प्रोजेक्टमध्ये चिकटवलीत तर काहीही होत नाही. तिला अर्थ स्प्रिंग बूटचं पेरेंट पॉम (ज्यातून आपलं पॉम सेटिंग्ज घेतं ते) देतं.

अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन एररमध्ये ६१ दिसलं तर ४४ वजा करा: कोड जावा १७ साठी कंपाइल झालाय. ५२ म्हणजे ८. स्क्रीनशॉट पाठवण्याआधी एवढी वजाबाकी करा.

ग्रेडल (मेव्हनसारखंच बिल्ड टूल) वापरत असाल तर टूलचेन (बिल्डला कुठला जेडीके हवा ते सांगणारं सेटिंग) लिहा. मग ज्याच्या-त्याच्या मशीनवर कुठला जेडीके पडलाय, हे विचारत फिरावं लागत नाही.