सेन्सर 'गेला' म्हणण्याआधी

एसी रिपेअरिंगला नवीन लागलेल्या मुलांना मी सर्वात आधी तापमान ओळखणारा सेन्सर मल्टिमीटरने मोजायला शिकवतो. ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्या जोडणं), गॅस चार्जिंग हळूहळू हातात बसतं. पण सेन्सर नीट न तपासता चांगला पीसीबी, म्हणजे एसीचा कंट्रोल बोर्ड, बदलला, तर मुंबईत लालबागच्या एका खोलीत हप्त्यावर एसी घेतलेल्या माणसाला हजारोंचा भुर्दंड पडतो. ते मला बघवत नाही.

स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये बहुधा दोन सेन्सर असतात. कॉइलच्या पुढ्यात लटकणारा काळा मणी म्हणजे रूम सेन्सर. तांब्याच्या टोपीतला, कॉइलच्या नळीत खोचलेला तो पाइप सेन्सर. दोन्ही एनटीसी, म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स उतरतो.

वीज बंद करायला एमसीबीचा खटका पाडा, कनेक्टर बोर्डावरून काढा आणि मगच मोजा. नाहीतर बोर्डावरचे पार्टही मोजणीत येतात. दोन्ही प्रोबची टोकं बोटांनी दाबून धरू नका, आकडा चुकतो.

नवीन मुलं फसतात ती इथे. सेन्सर 10 के चा (10 किलो-ओहमचा) आहे म्हणतात ते 25 अंशांना. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे बंद एसीच्या खोलीत 32 अंश सहज असतात. तिथे तोच सेन्सर साडेसात के च्या आसपास दाखवतो आणि मुलगा लगेच 'गेला' म्हणून मोकळा होतो. सेन्सर ठणठणीत असतो! म्हणून नुसता आकडा वाचू नका, तो कसा हलतो ते बघा. मणी मुठीत धरला की आकडा सावकाश उतरला पाहिजे. मग मीटर 200 के च्या रेंजवर घेऊन मणी बर्फाच्या पाण्यात सोडा. आकडा चढत 30 के च्या आसपास जाऊन थांबतो. मध्येच उड्या मारल्या तर संशय घ्या. मीटरच्या पडद्यावर डावीकडे नुसता 1 राहिला तर आत ओपन आहे (जोडणी तुटली आहे), शून्य आलं तर शॉर्ट.

पाइप सेन्सर कायम ओलाव्यात असतो. टोपीत पाणी शिरलं की थंड पाण्यातही आकडा स्थिर न राहता खाली घसरत जातो. हा दोष घाईत सापडत नाही, थोडा वेळ द्यावाच लागतो. वरळी-माहीमच्या समुद्राकडच्या इमारतींत कनेक्टरच्या पिनाही हिरव्या पडतात. त्या साफ करून पुन्हा मोजा.

सगळे सेन्सर 10 के चे नसतात. 5, 15, 20 के चेही येतात, कधी एकाच मशीनमध्ये दोन वेगळे. सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना सेन्सर आणि मीटर सोबत ठेवा, आणि नवा पैसे देण्याआधी काउंटरवरच मोजून घ्या.