नव्या रंगाची गाडी : पुसू नका, धुवा

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या द्वारका चौकात मागून एका टेम्पोनं ठोकलं. डिकी, मागचा बंपर आणि डावीकडचा पत्रा असं बरंच काम निघालं. आठ दिवसांनी अंबडच्या गॅरेजमधून गाडी घरी आली, तेव्हा गडद निळ्या डिकीत समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर धुळीचा पातळ थर बसलेला दिसला. गाडीत पिवळं फडकं होतंच. चार हात फिरवले, डिकी परत चकचकीत. पुढे रोज सकाळी हेच.

पंधरा-वीस दिवसांनी गंगापूर रोडच्या एका पंपावर रात्री पेट्रोल भरायला थांबलो. वरचा पांढरा दिवा डिकीवर पडला होता आणि त्या उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसले. गाडीच्या जुन्या भागावर एवढे नव्हते. रोजच्या कोरड्या फडक्यानं ते पडले होते.

तेव्हापासून कोणी गाडीला रंग मारून आणला की मी आधी एवढंच सांगतो: पहिले तीन महिने कोरडं फडकं रंगाला लावायचं नाही. धूळ दिसली तर दिसू द्या. गाडी धुवायची, आणि तीही नीट.

वाळलेला रंग पक्का झालेला नसतो

कंपनीत गाडीचा नुसता सांगाडा असतो तेव्हाच त्याला रंग देतात आणि तो साधारण १४० अंशांना भट्टीत भाजतात. गॅरेजमध्ये ते करता येत नाही. गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक, सीट सगळं बसवलेलं असतं. म्हणून चांगल्या गॅरेजच्या बूथमध्येही, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीतही, साधारण ६० अंशांवर अर्धा-पाऊण तास गरम करतात. बूथ नसेल तर रंग उघड्यावर, हवेवरच वाळतो.

वर जो चकचकीत पारदर्शक थर असतो, त्याला आपण क्लिअर किंवा लॅकर म्हणतो. त्यात हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मिसळलेला असतो. हाताला कोरडं लागलं तरी आत हार्डनरचं काम चालू असतं आणि थिनरचा उरलेला अंश हळूहळू बाहेर पडत असतो. याला काही आठवडे लागतात. थंडीत आणखी जास्त. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र दहा अंशांच्या खाली जाते, तेव्हा उघड्यावर रंगवलेली गाडी उन्हाळ्यातल्या गाडीपेक्षा बरीच उशिरा पक्की होते.

हा थर किती जाड असतो? साधारण ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एका केसाएवढा. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या दगडाची भुकटी. शहरात जिथे बघावं तिथे बांधकामं आणि रस्त्यांची कामं, त्यात खडी आणि कच वाहणारे डंपर. ही भुकटी कोवळ्या क्लिअरवर कापडाखाली दाबून फिरवली तर ते बारीक पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं.

गाडी ताब्यात घेताना

गाडी संध्याकाळी घेऊ नका. सकाळच्या उन्हात घ्या आणि पत्र्याकडे तिरपं बघा. ओघळ, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, रंगात अडकलेली कुसळं, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा हे सगळं तेव्हाच दिसतं. कुसळं काढायला पेंटर दोन हजार नंबरच्या पेपरनं पाणी लावून घासतो आणि वरून कंपाऊंड, म्हणजे बारीक घासून चमक आणणारी पेस्ट, मारतो. हे त्याचं काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्या. घरी कंपाऊंडची डबी उघडू नका.

त्याला तीन गोष्टी विचारा. रंग हार्डनरचा आहे की साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज)? बूथमध्ये गरम केला की उघड्यावर वाळवला? पॉलिश किंवा कोटिंग किती दिवसांनी करायचं? एनसी रंग फक्त थिनर उडून वाळतो, त्यामुळे पेट्रोल किंवा थिनरचा थेंब पडला की तो परत मऊ होतो. अशी गाडी असेल तर पंपावर पेट्रोल सांडू न देण्याची जास्तच काळजी घ्या. शेवटच्या प्रश्नाला पेंटर जे दिवस सांगेल ते पाळा. त्यानं कुठल्या कंपनीचा माल वापरला आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

आणखी एक. उरलेला मिसळलेला रंग छोट्या बाटलीत मागून घ्या, हार्डनर न घातलेला. पुढे खडा लागून टवका उडाला तर तोच कामाला येतो. बाजारातला त्याच नंबरचा रंग बहुतेक वेळा किंचित वेगळा निघतो.

पहिला महिना

पहिले सात दिवस शक्यतो पाणीसुद्धा लावू नका. पावसात भिजली तर घाबरायचं कारण नाही, फक्त ते पाणी रंगावर उन्हात वाळू देऊ नका. शाम्पू दुसऱ्या आठवड्यापासून. प्रेशरच्या पाण्याचा मारा आणि वॉशिंग सेंटरचे ब्रश महिनाभर नकोच.

कव्हर घालायचा मोह होतो, तो आवरा. कव्हराखाली थिनरचा अंश आणि ओल कोंडते, आणि वाऱ्यानं कव्हर हललं की आतली धूळ रंगावर घासली जाते. गाडी सावलीत लावा, पण झाडाखाली नाही. गंगापूर रोडच्या एखाद्या वडाखाली जागा मोकळी दिसते, सावली गार असते, पण वर पाखरांची वसाहत असते. आंब्याखाली मोहराच्या दिवसांत चिकट फवारा पडतो. उंबराखाली तर फळं आणि पाखरं दोन्ही. पार्किंगचा पत्रा किंवा इमारतीची सावली सगळ्यात बरी.

हायवेला वाळूच्या ट्रकमागे चिकटून चालवू नका. ताज्या रंगाचा टवका लवकर उडतो.

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे भाऊ असतील तर त्यांच्याशी बोलून घ्या. एक बादली, एक फडकं आणि पंधरा गाड्या, यात त्यांचा दोष नाही, तेवढ्या वेळात तेवढंच होतं. मी आमच्याकडच्या भाऊंना म्हटलं, "तीन महिने गाडीला फडकं लावू नका."

"का हो साहेब, काही चुकलं का?"

"नाही हो भाऊ, रंग नवा आहे. पैसे तेवढेच घ्या, फक्त काचा पुसा."

त्यांनी तीन महिने काचा इतक्या लख्ख ठेवल्या की मला वायपरचं पाणी मारावं लागलं नाही.

धुवायची कशी

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवायला घ्या. बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर थांबा, कारण गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून डाग धरतात.

पाणी नळाचं घ्या. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरं. बोअरच्या पाण्यातले क्षार थेंब वाळला की पांढऱ्या गोल डागासारखे राहतात, आणि कोवळ्या रंगावर ते घासून काढणं म्हणजे नवं दुखणं. बोअरशिवाय इलाज नसेल तर निदान शेवटच्या दोन बादल्या नळाच्या किंवा फिल्टरच्या ठेवा.

दोन बादल्या हव्यात. एकीत दहा लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानं गाड्यांचा शाम्पू, बाटलीवर पीएच न्यूट्रल असं लिहिलेलं बघून घेतलेला. दुसरीत साधं पाणी. कपड्यांची पावडर, भांड्याचा साबण, केसांचा शाम्पू यातलं काही वापरू नका. पावडरीतला खार तेलकटपणा ओढून घेतो आणि पुरता पक्का न झालेला रंग त्यानं निस्तेज होतो.

चाकं आधी, वेगळ्या फडक्यानं आणि वेगळ्या पाण्यानं. ब्रेकची काळी भुकटी लोखंडी असते, ती रंगाच्या फडक्याला लागता कामा नये.

मग आख्खी गाडी नुसत्या पाण्यानं भिजवा. नळी असेल तर बोट न दाबता, पाणी मोकळं वाहू द्या, टपापासून खाली. या पायरीवर घाई करू नका. पाच मिनिटं जाऊ देत. जेवढी धूळ इथे वाहून जाईल तेवढी फडक्याखाली येणार नाही. दरवाज्यांच्या खालच्या कडेपासून ओघळणारं पाणी आधी मातकट असतं, ते स्वच्छ दिसू लागलं की पुढे जा.

आता मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा किंवा जाड मायक्रोफायबर शाम्पूच्या बादलीत बुडवा. टप, काचा, बोनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग या क्रमानं. हात सरळ रेषेत न्यायचा, गोल फिरवायचा नाही. गोल ओरखडे कुठूनही उजेड पडला तरी दिसतात, सरळ त्यामानानं कमी. जोर द्यायचा नाही, मोज्याच्या स्वतःच्या वजनावर काम होऊ द्यायचं. एक पॅनेल झालं की मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून, पिळून, मग परत शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जी काळी रेती बसलेली दिसते, ती एरवी आपण गाडीवर परत चोळत असतो.

दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्यानं. फडकं खाली पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून परत वापरू नका, मायक्रोफायबरमध्ये खडे अडकतात.

शाम्पू वाळायच्या आत पाणी ओता. वाळवायला मोठं, जाड मायक्रोफायबर पत्र्यावर पसरवा, हातानं हलकं थोपटा आणि उचला. ओढायचं नाही. आरशांच्या आणि दरवाज्यांच्या फटींतून मागाहून थेंब येतात, ते दहा मिनिटांनी टिपा. ही फडकी घरी वेगळी धुवा, कम्फर्ट न घालता, सुती कपड्यांपासून लांब.

डाग पडला तर

पाखराची घाण ही सगळ्यात तातडीची. त्यात युरिक ॲसिड असतं, आणि उन्हात क्लिअर जरा मऊ पडलेला असताना ते आत शिरतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात काही तासांतही ठसा राहू शकतो. गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यू ठेवा. टिश्यू भिजवून डागावर ठेवा, पाच-दहा मिनिटांनी अलगद उचला. राहिलं तर पुन्हा ओलं. नखानं खरवडू नका. कसारा घाटातून आल्यावर बंपरला चिकटलेले किडेही याच पद्धतीनं निघतात.

दिंडोरी, निफाडकडे जाणं असेल तर छाटणीनंतरच्या दिवसांत द्राक्षबागांमध्ये फवारणीचे ब्लोअर चालू असतात. बोर्डो मिश्रणाचा, गंधकाचा फवारा वाऱ्यानं रस्त्यापर्यंत येतो आणि वाळला की निळसर किंवा पिवळट ठिपके उरतात. बागेच्या कडेला गाडी लावू नका, आणि फवारा बसलाच तर त्याच संध्याकाळी भरपूर पाण्यानं धुऊन काढा.

रंगपंचमीला नाशिककर म्हणून गाडी कुठे ठेवायची हे आधीच ठरवा. तिवंध्याच्या किंवा शनी चौकाच्या रहाडीच्या, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरतात त्या जुन्या हौदाच्या, आसपास नवीन रंगाची गाडी न्यायचीच नाही. रंगाचं पाणी उडालं तर पावडर कोरडी असताना पुसू नका, आधी पाणी ओता.

दसऱ्याला माझा आग्रह असतो तो असा: कुंकवाचा स्वस्तिक बोनेटवर नको, समोरच्या काचेवर काढा. ओल्या कुंकवात घातलेला रंग पांढऱ्या आणि चंदेरी कोवळ्या रंगावर गुलाबी डाग ठेवतो, तो मी शेजारच्या काकांच्या गाडीवर पाहिला आहे. झेंडूची माळ ग्रीलला बांधा, चिकटपट्टीनं बोनेटवर लावू नका, पट्टी निघताना रंगही ओढू शकते. नारळ गाडीपुढे जमिनीवर फोडा आणि पाण्याचे शिंतोडे लगेच धुऊन घ्या. पूजा अगदी यथासांग होते.

डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारला की चमक येते, असं सांगणारे भेटतील. दोन दिवस दिसते ती तेलाची चमक, आणि त्यावर धूळ दुपटीनं बसते. टूथपेस्टही नको, ती घासणारीच वस्तू आहे.

कोटिंग कधी

सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) निदान तीस दिवसांनंतर, वॅक्स किंवा सीलंट साठ ते नव्वद दिवसांनंतर, आणि पेंटरनं जास्त सांगितलं असेल तर तितके. आतलं थिनर बाहेर पडायच्या आधी वर थर चढवला तर रंग निस्तेज पडू शकतो किंवा बुडबुडे येऊ शकतात. गाडी देतानाच "टेफ्लॉन करून टाकू का?" असं विचारलं तर नंतर येतो म्हणा. फुकट मिळणारं रबिंग-पॉलिशही त्या दिवशी नको, दर वेळी क्लिअरचा थोडा थर घासला जातो.

नव्वद दिवस झाले की गाडी वर सांगितल्याप्रमाणे धुवा, पूर्ण वाळवा. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवर बोटं अगदी हलकी फिरवा. पिशवीतून बारीक कणही जाणवतो. गुळगुळीत लागलं तर वॅक्सची बोटभर मात्रा फोमच्या तुकड्यावर घ्या, एका वेळी दोन फुटांचा चौकोन, पातळ थर. धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं उचला. खडबडीत लागलं तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी, लागेल, आणि ते पहिल्यांदा तरी जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

मी वर्षातून दोनदा वॅक्स लावतो: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या पावसाआधी, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या तोंडावर. पावसाच्या पाण्याचे थेंब टपावर गोल राहून घरंगळायचे थांबले आणि पाणी पसरट बसू लागलं, की तारीख न बघता डबी काढतो.