तोंडी व्यवहार कोर्टात टिकवायचा तर

काजूची बाग हंगामापुरती दिली, मेस्त्रीला पावसाआधी कौलं शाकारायला सांगितलं, मित्राला पैसे उसने दिले. गोव्यात असले व्यवहार शब्दावरच होतात आणि भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 10 प्रमाणे तो शब्दही करारच असतो. दोघं सज्ञान हवेत, संमती दबावाखाली किंवा फसवून घेतलेली नको, मोबदला ठरलेला हवा, काम बेकायदा नको. स्टॅम्पपेपर लागत नाही. घोडं अडतं ते पुराव्यापाशी.

म्हणून ज्या दिवशी बोलणं झालं त्याच दिवशी मेसेज टाका. असा:

'आज डिचोलीच्या घरी ठरल्याप्रमाणे: मोडकी कौलं आणि वासे बदलणे. सामान माझं, मजुरी 60,000, पैकी 20,000 आज दिले. काम 31 मेपर्यंत. बरोबर ना?'

त्याला 'हो' असं उत्तर मिळवा. मेसेज वाचल्याच्या निळ्या टिका दिसल्या म्हणजे होकार आला असं नाही. सामान कुणाचं, हे लिहायचं बहुतेकांचं राहतं आणि नेमकी तिथंच ठिणगी पडते. पुढे काम वाढलं की पुन्हा मेसेज. 'वाढीव कामाचं नंतर बघू' हे वाक्य दोघांनाही महागात जातं.

आगाऊ रक्कम यूपीआयने द्या आणि नोंदीच्या जागी 'छप्पर मजुरी आगाऊ' असं लिहा. रोख दिलीच तर वहीत तारीख, रक्कम, कारण आणि घेणाऱ्याची सही. उसनवारीत 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो. साक्षीदार असा हवा, ज्याने बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं. 'मला त्याने नंतर सांगितलं' ही साक्ष चालत नाही. घरच्या माणसाची चालते, पण बाहेरच्याची जड पडते.

काही बाबतींत मात्र शब्द पुरत नाही. 100 रुपये किंवा अधिक किमतीची जमीन वा घर नोंदणीकृत विक्रीखताशिवाय विकलं जात नाही. गोव्यात आणखी एक मेख आहे: इथल्या बहुतेक जोडप्यांची मालमत्ता दोघांची सामायिक असते, त्यामुळे नवऱ्याने एकट्याने दिलेल्या शब्दावर भाट (बागायत) किंवा घर विकत घ्यायला जाऊ नका, बायकोची संमती लागते. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही नोंदवावा लागतो. वाद कोर्टाऐवजी लवादाकडे, म्हणजे दोघांनी नेमलेल्या पंचाकडे, नेण्याची अटही लेखीच हवी.

आता दावा लावायची मुदत. तीन वर्षं. मजुरीची काम पूर्ण झाल्यापासून, मालाच्या उधारीची साधारणपणे माल दिल्यापासून. उसन्या पैशांना परतीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिले त्या दिवसापासून, मागितल्या दिवसापासून नव्हे. माणसं फसतात ती इथं. 'चवथीनंतर देतो' ऐकत वर्षं सरतात आणि तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. ती संपण्याआधी 'इतके देणं आहे' असं सहीनिशी लिहून घेतलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. संपल्यावर कर्ज जिवंत करायचं तर फेडण्याचं नवं लेखी, सही केलेलं वचनच हवं.

भांडण लागलंच तर चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. स्क्रीनशॉटची प्रिंट नुसती देऊन भागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, एक भाग तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. रेकॉर्डिंगचंही तेच. कापून-जोडून आणलेला तुकडा उलट अंगावर येतो.

मग नोटीस. खाजगी माणसावरच्या साध्या पैशांच्या दाव्याआधी ती सक्तीची नाही, पण द्यावी. तारीख, जागा, हजर माणसं, ठरलेली रक्कम, मिळालेली, बाकी आणि 15 दिवसांची मुदत, एवढं पुरे. स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. उत्तरात 'मजुरी 60,000 नव्हे, 45,000 ठरली होती' असं आलं, तर करार झाल्याची कबुली आपसूक मिळाली. वाद उरला फक्त आकड्याचा. आणि दर सिद्ध झाला नाही तरी फुकट म्हणून केलेलं नसलेलं, समोरच्याने लाभ घेतलेलं काम असेल, तर करार कायद्याच्या कलम 70 खाली त्याचा वाजवी मोबदला मागता येतो. त्यासाठी कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.