ट्रेलरचा मागचा दिवा रस्त्यातच गेला तर

इंदूरहून धुळ्याकडे निघताना गणेश घाट उतरायच्या आधीच दिवे बघून घ्या. घाटात थांबून वायर शोधत बसणं जिवावर बेतू शकतं. गाडी मोकळ्या जागी लावा, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागे ठेवा.

एकच दिवा गेला असेल तर बल्ब किंवा होल्डर बघा. बल्ब २४ व्होल्टचाच हवा: ब्रेक आणि इंडिकेटरला २१ वॅट, टेलला ५ वॅट. घाईत १२ व्होल्टचा बसवला तर लगेच उडतो. होल्डरची पट्टी हिरवी पडली असेल तर पॉलिश पेपरने घासा.

सगळेच दिवे मंद, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो? मग अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, गेलंय. बहुतेक जण इथेच उगाच बल्ब बदलत बसतात. ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये १ नंबरची पिन अर्थची. सॉकेट काढा, चिखल पुसा, पिनेची फट चाकूच्या टोकाने हलकेच रुंद करा. तरीही फरक नसेल तर चासीवरचा (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा) अर्थचा बोल्ट खोला, रंग आणि गंज खरवडून घट्ट आवळा. फक्त ब्रेकचे दिवे लागत नसतील तर ४ नंबरची पिन बघा, ती ब्रेकची. तपासणी दिव्याची क्लिप ट्रकच्या चासीला, टोक ट्रकच्या सॉकेटमधल्या त्या पिनेला लावून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ट्रकच्या बाजूला करंट येतोय म्हणजे दोष ट्रेलरमध्ये.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदी (सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद) लावू नका, वायर पेटते. चासीच्या कडेला घासून सोललेली वायर शोधा.