सीट खरंच ‘फसलेली’ आहे का, हे घरबसल्या ओळखायचं कसं

इलेक्शन जवळ आलं की ग्वाल्हेरात बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, चहा पीत उभा असलेला प्रत्येक माणूस सांगतो, "सीट फँसी हुई है", आणि आम्ही लष्कर भागातले (शहराचाच एक भाग) मराठी लोक घरी येऊन तेच मराठीत म्हणतो, सीट फसलीये. म्हणजे सांगता येत नाही, कोणीही निघू शकतो. गंमत अशी की जिल्ह्यातल्या सहाच्या सहा सीटबद्दल लोक हेच म्हणतात आणि निकालाच्या दिवशी त्यातली एखादी भल्या मोठ्या फरकाने एकतर्फी जाते. मी पूर्वी ऐकून घ्यायचो, आता लॅपटॉप उघडून बघतो. पद्धत अवघड नाहीये, बेरीज-वजाबाकी आणि टक्के काढता आले तरी पुरतं, फक्त कुठे थांबायचं आणि कुठे खोदायचं ते कळायला हवं.

मध्य प्रदेश विधानसभेच्या सीट २३०, पण शिकायला आमचा जिल्हाच घ्या. नंबर १४ ते १९: ग्वाल्हेर ग्रामीण, ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण, भितरवार, डबरा. २०१८ मध्ये यातल्या पाच काँग्रेसकडे आणि एक भाजपकडे होती, २०२३ मध्ये तीन-तीन झाल्या. इतकी उलथापालथ असलेला जिल्हा प्रॅक्टिसला बरा.

आकडे निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतात, दर निवडणुकीचा स्टॅटिस्टिकल रिपोर्ट असतो, त्यात प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. सगळं एका ठिकाणी, सरळ शीटमध्ये हवं असेल तर अशोका युनिव्हर्सिटीचा लोकढाबा बघा, तिथून डाउनलोड होतं. पण २००८ च्या मागे जाऊ नका. त्या वर्षी मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, त्याआधी आमच्याकडे लष्कर पूर्व, लष्कर पश्चिम, गिर्द, मुरार अशा सीट होत्या. आमचे काका अजूनही लष्कर पश्चिमचे जुने आकडे तोंडपाठ सांगतात आणि त्यावरून दक्षिणचा अंदाज बांधतात, मी ऐकून घेतो, मोठ्यांना काय बोलणार, पण ते गणित चुकीचंच आहे कारण गल्ल्याच बदलल्यात.

आता शीटमध्ये कॉलम करा: वर्ष, जिंकलेला, त्याचा पक्ष, दुसरा, त्याचा पक्ष, तिसरा, त्याचा पक्ष, तिघांची मतं, एकूण मतं, नोटा (म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’ची मतं). माणूस आणि पक्ष वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा, हे मी मुद्दाम सांगतोय, का ते पुढे कळेल.

पहिला हिशोब म्हणजे फरकाचा. पहिल्याची मतं वजा दुसऱ्याची मतं, भागिले एकूण मतं, गुणिले शंभर. नुसता आकडा नको, टक्के काढा, कारण दीड लाख मतदान झालेल्या सीटवरचे तीन हजार आणि अडीच लाखांच्या सीटवरचे तीन हजार यात फरक आहे. माझा स्वतःचा ठोकताळा असा की ३ टक्क्यांच्या आत असेल तर लाल रंग, ३ ते ८ पिवळा, वर हिरवा. हे काही शास्त्र नाहीये, तुम्ही ५ आणि १० धरा, चालेल, पण एकदा धरलं की सगळ्या सीटला तेच लावा, आपल्या आवडत्या उमेदवारासाठी रेघ सरकवू नका.

ग्वाल्हेर दक्षिण, २०१८. काँग्रेसचे प्रवीण पाठक ५६,३६९, भाजपचे नारायणसिंह कुशवाह ५६,२४८. फरक १२१. एक दशांश टक्कासुद्धा नाही. हा फरक निम्मा करून बघायची सवय लावून घ्या: ६१ माणसांनी इकडचं बटण सोडून तिकडचं दाबलं असतं तर निकाल उलटला असता. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात यापेक्षा जास्त लोक जेवून जातात. २०२३ मध्ये शाजापूरला तर भाजपचे अरुण भीमावद फक्त २८ मतांनी आले, म्हणजे १५ माणसं. हा निम्मा आकडा बूथच्या संख्येने भागला की अजून डोळे उघडतात. २०२३ मध्ये दक्षिणमध्ये कुशवाहांनी पाठकांना २,५३६ मतांनी हरवलं, ऐकायला बरा फरक वाटतो, पण निम्मे १,२६९, आणि समजा अडीचशे बूथ धरले तर बूथमागे पाच माणसं. पाच! एक कुटुंब.

इथवर सगळेच येतात, आणि इथेच थांबतात, मीही थांबलो होतो. २०२० ची पोटनिवडणूक आली तेव्हा मी २०१८ चे आकडे बघून डबऱ्याला मोठ्या दिमाखात हिरवा रंग दिला, कारण इमरती देवी तिथे ५७ हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्या होत्या. फॅमिली ग्रुपवर टाकलं पण. त्या पोटनिवडणुकीत त्याच डबऱ्यात त्याच इमरती देवी साधारण साडेसात हजारांनी हरल्या. माझ्या मावसभावाने तो मेसेज अजून स्टार करून ठेवलाय, दिवाळीला भेटलो की काढतो.

चूक काय झाली तर मी माणूस आणि पक्ष एकाच कॉलममध्ये लिहिला होता. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांच्यासोबत काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथ सरकार पडलं, आणि नोव्हेंबरात २८ सीटवर पोटनिवडणुका झाल्या, त्यातल्या तीन आमच्या जिल्ह्यात. या तीन सीट शेजारी-शेजारी मांडून बघा, असा प्रयोग कोणी मुद्दाम करायचा म्हटला तरी जमणार नाही. ग्वाल्हेर सीटवर प्रद्युम्नसिंह तोमर २०१८ ला काँग्रेसकडून जिंकले, २०२० ला भाजपकडून जिंकले, २०२३ ला परत भाजपकडून. तिथे बरीच मतं माणसाबरोबर चालत गेली. ग्वाल्हेर पूर्वमध्ये तर कमालच, २०१८ ला काँग्रेसचे मुन्नालाल गोयल विरुद्ध भाजपचे सतीश सिकरवार, गोयल जिंकले. २०२० ला तेच दोघे समोरासमोर, पण पक्षांची अदलाबदल, गोयल भाजपमध्ये आणि सिकरवार काँग्रेसमध्ये, आणि जिंकले सिकरवार. म्हणजे दोन्ही वेळेला काँग्रेसच जिंकली, माणूस कोणता याने फरक पडला नाही. आणि डबऱ्यात इमरती देवी पक्ष बदलून आल्या, त्यांची मतं पूर्ण आली नाहीत, सीट काँग्रेसचे सुरेश राजे यांच्याकडे गेली, २०२३ ला ते परत जिंकले पण फक्त दोन-सव्वादोन हजारांनी.

म्हणून कोणतीही सीट बघताना विचारायचं की फरक कोणाचा आहे, माणसाचा की चिन्हाचा. माणसाचा असेल तर तिकीट बदललं की तुमचा हिरवा रंग गेला. चिन्हाचा असेल तर उमेदवार कोण येतोय याच्या बातम्या थोड्या कमी वाचल्या तरी चालतात. आणि एकाच निवडणुकीवर रंग देऊ नका, निदान तीन घ्या, पोटनिवडणूक झाली असेल तर तीही. ग्वाल्हेर पूर्व २०१३ ला भाजपने फक्त १,१४७ मतांनी घेतली होती, नंतर तीन वेळा लागोपाठ काँग्रेस, तेही चांगल्या फरकाने. नुसतं २०१३ बघणारा म्हणेल फसलेली, नुसतं २०२३ बघणारा म्हणेल पक्की.

आता तिसरा. आमच्या चंबळ-ग्वाल्हेर भागात तिसऱ्याकडे लक्ष दिलं नाही तर सगळंच फुकट, हे इंदूरवाल्यांना पटकन कळत नाही कारण तिकडे बहुतेक वेळा दोघांचाच सामना. दक्षिणच्या त्या १२१ कडे परत या. तिथे भाजपच्या बंडखोर, माजी महापौर समीक्षा गुप्ता अपक्ष उभ्या होत्या, त्यांना ३० हजारांवर मतं पडली. नोटालासुद्धा १२१ पेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा १२१ हा आकडा दोन पक्षांत किती चुरस आहे ते सांगत नाही, एका पक्षाचं घर किती फुटलं ते सांगतो. आता लगेच ते ३० हजार भाजपच्या खात्यात जमा करू नका, हे बाड्यावरचे लोक करतात. बंडखोराची सगळी मतं मूळ पक्षाची नसतात, काही समोरच्याची असतात, काही घरीच बसली असती. मी निम्मी धरून बघतो, मग पाव धरून बघतो, दोन्हीत निकाल उलटत असेल तर शेजारी लिहितो, ‘बंडखोरामुळे’.

आणि तिसऱ्याची गंमत ग्वाल्हेर ग्रामीणमध्ये बघा. २००८ ला ही सीट चक्क बसपाची होती. २०१८ ला भाजपचे भारतसिंह कुशवाह जिंकले आणि दुसरे आले बसपाचे साहबसिंह गुर्जर, फक्त १,५१७ मतांनी मागे, काँग्रेस तिसरी. पुढे गुर्जर काँग्रेसमध्ये आले आणि २०२३ ला त्याच भारतसिंहांना हरवून आमदार झाले, तेही राज्यात भाजपच्या १६३ सीट येत असताना. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा माणूस उद्या कोणाच्या गाडीत बसतोय, हे बघत राहायचं.

हवेचा, म्हणजे राज्यभरच्या कलाचा, भाग थोडक्यात सांगतो. राज्यात २०१८ ला भाजप ४१.० टक्के, काँग्रेस ४०.९, जवळजवळ बरोबरी. २०२३ ला ४८.५ आणि ४०.४. म्हणजे दोघांतलं अंतर आठ टक्क्यांनी सरकलं. आता तुमची सीट किती सरकली ते बघा. दक्षिण जेमतेम दीड-दोन टक्के सरकली, तर इंदूर-१ वर २०१८ ला काँग्रेस आठ हजारांनी पुढे होती आणि २०२३ ला कैलाश विजयवर्गीय जवळपास ५८ हजारांनी आले. राज्याची हवा जितकी सरकली तितकीच सीट सरकली तर ती साधी आहे, राज्याची हवा कळली की झालं. कमी-जास्त सरकली तर काहीतरी लोकल आहे, आणि खोदायचं असेल तर तिथेच.

खोदायचं म्हणजे फॉर्म २०. प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली याचा तक्ता, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये असतो. इथे सांगून ठेवतो, त्रास होणार. बरेच पीडीएफ स्कॅन केलेले, तिरके, शिक्का नेमका आकड्यांवर, १ आणि ७ ओळखू येत नाहीत. मी एका रविवारी बसलो, बायको म्हणाली परीक्षा आहे का. प्रत्येक ओळीची बेरीज शेवटच्या कॉलमशी जुळवून बघा, जुळली नाही की चूक तुमचीच असते बहुतेक. पोस्टल मतं वेगळ्या ओळीत असतात, ती बूथमध्ये मिसळू नका. आणि दोन निवडणुकांचे बूथ नंबरवरून जोडू नका, नंबर बदलतात, शाळेच्या नावावरून जोडा, तेही जपून, कारण एकाच शाळेत चार-चार बूथ असतात.

मग बूथ तीन ढिगांत टाका: जिथे पहिल्या पक्षाला ६५ टक्क्यांवर, जिथे दुसऱ्याला ६५ च्या वर, आणि मधले. इथे कळतं की फसलेल्या सीट दोन प्रकारच्या असतात. एकीत बहुतेक बूथ मधल्या ढिगात, गल्लीगल्लीत मतं फुटलेली, तिथे खरोखर लोक मन बदलतात. दुसरीत मधला ढीग जवळजवळ रिकामा, अर्धे बूथ याचे किल्ले, अर्धे त्याचे, आणि बेरीज योगायोगाने सारखी. तिथे कोणी मन बदलत नाही, तिथे कोणाच्या किल्ल्यातून किती लोक बाहेर पडले एवढाच प्रश्न. म्हणून अशा सीटवर बूथवार मतदानाची टक्केवारी दोन निवडणुकांची शेजारी ठेवा, कोणत्या किल्ल्यात घसरली ते दिसेल. कागदावर दोन्ही सीट २ टक्क्यांच्या, पण प्रचार करायचा असेल तर एकीकडे समजावायला जावं लागतं आणि दुसरीकडे रिक्षा पाठवावी लागते.

लोकसभेचे आकडे लोक फार वापरतात, विधानसभावार लीड मिळते म्हणून. वापरा, पण जपून. २०२४ ला इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने नावच मागे घेतलं, नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली, आता त्यावरून इंदूरच्या एखाद्या विधानसभेचा काय अंदाज बांधणार? ग्वाल्हेर लोकसभेत करैरा आणि पोहरी या शिवपुरीकडच्या सीटही येतात, त्या आधी बाजूला काढा. आणि तिथे २०२४ ला समोरासमोर कोण, तर भारतसिंह कुशवाह आणि प्रवीण पाठक, दोघेही सहा महिन्यांपूर्वी विधानसभा हरलेले. महापौरपदाचंही तसंच, २०२२ ला ग्वाल्हेरात महापौर काँग्रेसची आणि पार्षद, म्हणजे नगरसेवक, भाजपचे जास्त, त्याच दिवशी, त्याच मतदारांनी.

एवढं सगळं केलं तरी शेवटचा रंग भरायची घाई नको. मी शीट नाव मागे घ्यायच्या तारखेपर्यंत उघडी ठेवतो, कारण बंडखोर कोण उरलाय ते त्या दुपारी तीननंतरच कळतं. मग संध्याकाळी काकांकडे जातो, ते त्यांची डायरी काढतात, मी लॅपटॉप, आणि लष्कर पश्चिमवरून आमचं परत सुरू होतं.